चाळीस फ्रॉक आणि दिलदार ७१

३ फेब्रुवारी
ठरलं. आजपासून सगळे सिनेमे टॉरेंटवरून. आधी कायदा बघितलेला बरा, म्हणून मेहुण्याला फोन केला. तो वकील, सल्ला फुकट देतो पण लांबलचक. म्हणाला, टॉरेंट हा फाइली पाठवायचा नुसता एक मार्ग आहे, तो वापरणं बेकायदेशीर नाही. मग ‘पण’ म्हणून बरंच काही बोलत बसला. इकडे चहा उतू चालला होता. मुद्द्याचं ऐकून झालं होतं, फोन ठेवला.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
पहिला सिनेमा ९९.२ टक्के. तासभर तिथंच. चार वेळा उठून पाणी प्यालो. ऑफिसला उशीर होणार.

संध्याकाळी ६
आला! उघडला. सिनेमा नाहीच. एक चौकोन आला आणि ‘होय’ की ‘नाही’ विचारू लागला. होय म्हटलं. आता कॉम्प्युटर सुरू केला की टक्कल घालवायच्या जाहिराती येतात. ही भडकली. हिचे चाळीस नमुने याच कॉम्प्युटरात आहेत. लहान मुलांचे फ्रॉक कसे बेतायचे याचं पुस्तक करतेय, तीन वर्षं झाली. अठरा तारखेला प्रकाशकबाईंना द्यायचंय. मी म्हटलं, सगळं कंट्रोलमध्ये आहे. जाहिरातींचं उद्या बघू.

६ फेब्रुवारी
चूक माझी नव्हती, साइट हलकी होती. आता चांगली सापडली, फक्त सभासदांसाठी. प्रवेशाची अट एकच: दुसरीकडे कुठेही नसलेलं, स्वतःचं काहीतरी द्यायचं. नाव घेतलं ‘दिलदार ७१’. घरच्या वायफायचंही तेच आहे, म्हणजे विसरायला नको.
स्वतःचं काय द्यावं? दिवसभर चैन नाही. माझ्याकडे फक्त ऑफिसची सर्क्युलरं आहेत.

७ फेब्रुवारी
हिचं फोल्डर दिलं. घरातलं ते आपलंच. शिवाय चोरीत वस्तू जागेवरून जाते. कॉपीत ती जागच्या जागी राहते, मग चोरी कसली? उलट पुस्तकाची जाहिरात होईल. हिला नंतर सरप्राइज.

१५ फेब्रुवारी
२१४ लोकांनी घेतलं! मी तीनशे सिनेमे उतरवले. पाहिला एकही नाही, यादी वरखाली करण्यातच संध्याकाळ जाते.
खाली तक्रारी सुरू. सतरा नंबरच्या फ्रॉकच्या गळ्यातून मुलीचं डोकंच जात नाही म्हणे. फुकट मिळालं तरी लोकांची कुरकुर संपत नाही.

२१ फेब्रुवारी
ही रडली. प्रकाशकबाईंनी पुस्तक परत केलं. हेच नमुने इंटरनेटवर फुकट फिरताहेत, तर विकत कोण घेणार, असं त्यांचं म्हणणं.
हिने ते फिरणारे नमुने उघडून बघितले. सतरा नंबरचा गळा चुकीचा होता. तो तिने दहा तारखेला दुरुस्त केला आणि मगच पुस्तक बाईंना दिलं. म्हणजे चोरी त्याआधीची, घरातूनच झालेली. मग माझा हात धरून म्हणाली, तुम्हाला कॉम्प्युटरातलं कळतं, चोर शोधून द्या. दोन दिवसांत शोधतो म्हणालो.
माझा संशय टक्कलवाल्या जाहिरातींवर आहे.

२२ फेब्रुवारी, दुपारी, ऑफिसात
सकाळी मी वाटायला ठेवलेली कॉपी डिलीट केली. आकडा तरी वाढतोच आहे. ३९०. आता ३९४.
मेहुण्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, ‘पण’च्या पुढे तेच तर सांगत होतो. यात घेणारा प्रत्येकजण घेता घेता दुसऱ्यांना वाटतही असतो. दुसऱ्याचं काम परवानगीशिवाय असं वाटलं की माणूस अडकतो, आणि एकदा सुटलेलं परत बोलावता येत नाही. मग विचारलं, भावोजी, हे आत्ता कशाला? मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. मीटिंग नाही.

२३ फेब्रुवारी
मेहुणा घरी आला. हिच्यासमोरच त्याने नमुन्यांचं ते पान शोधून उघडलं; सभासदांच्या साइटवरून ते केव्हाच बाहेर पडलंय. देणाऱ्याचं नाव वरतीच, ठळक. कोण हा दिलदार, म्हणून तो पुटपुटला. हिने विचारलं नाही. वायफायचं ते नाव ती रोज फोनवर बघते.
ती ओरडेल म्हणून मी उभा राहिलो. ओरडली असती तर बरं झालं असतं. जाहिरातींचा मुद्दा तयार ठेवला होता. तिने एवढंच विचारलं, मूळ फाइली तरी जागेवर आहेत ना?
आहेत म्हणालो. चाळीसच्या चाळीस.