बरणी जोडून तयार आहे

नारायण पेठ, पुणे
ता. ९-२-८८, मंगळवार

चि. सौ. हेमा हिस,

आशीर्वाद. शरच्चंद्ररावांना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यालाही, कारण तुझ्या मागच्या पत्रात त्यांच्यापेक्षा गुडघ्याचीच हकीकत जास्त होती. माझी प्रकृती ठीक आहे. भूक लागते, झोप येते. डाव्या हाताच्या दोन बोटांना सध्या काही कळत नाही, पण त्याचं कारण पुढे येईल. या घरातून तुला पत्रं जायची ती श्यामलाच्या हातची. मी शेवटी कोपऱ्यात "सर्वांस नमस्कार" एवढं लिहीत असे. त्यामुळे मोठं पत्र लिहिण्याचा मला सराव नाही. काही मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

तू विचारलं आहेस की फाल्गुन शुद्ध पंचमीला श्यामलाच्या वर्षश्राद्धासाठी तुम्ही दोघं याल, तेव्हा तुम्हा बहिणींच्या आईंची लोणच्याची बरणी परत सातारला नेता येईल का. तर बरणी जोडून तयार आहे. पाणी भरून पाहिलं, गळत नाही. म्हणजे पत्र इथेच संपवता आलं असतं. पण बरणी पाहिल्यावर तू काही गोष्टी विचारशील, त्या आधीच कळवलेल्या बऱ्या. (तू ती गेल्या वर्षी संक्रांतीनंतर दोन तुकड्यांत पाठवली होतीस. श्यामलाने ती मागच्या गॅलरीत फळीवर ठेवली. नंतर तिला वेळ मिळाला नाही.)

त्या गॅलरीत श्यामला काय करायची हे तुला माहीत आहे. अर्ध्या पेठेचे कपांचे कान, चष्म्यांच्या काड्या, बाहुल्यांचे हात आणि एका तंबोऱ्याचा भोपळा तिने तिथे बसून चिकटवले. पण तिच्या चिकटपदार्थांची व्यवस्था कशी होती हे मला ती गेल्यावर कळलं. डिंक, सरस, सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन, बोहरी आळीतून आणलेले डबे आणि बाटल्या, असे एकूण तेवीस नग होते. त्यांतल्या एकवीस नगांवर चिठ्ठ्या होत्या, पण पदार्थाचं नाव एकीवरही नव्हतं. नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची नावं होती. सरसाच्या भांड्यावर माझ्या आत्याचं नाव, आणि खाली "गरम केल्याशिवाय कामाची नाही. वास येतो." पांढऱ्या गोंदाच्या बाटलीवर माझे थोरले बंधू दत्तोबा : "जोरात हलवल्याशिवाय बाहेर येत नाही." एका डब्यावर खालच्या मजल्यावरच्या मथुराबाई : "झाकण उघडं ठेवू नये." मी हे फक्त वाचलं तसं कळवतो आहे.

तुम्हा दोघांचंही होतं. मला आधी समजलं नव्हतं, पण काही चिकटपदार्थ जोडीने येतात. मोठ्या डब्यात राळ असते आणि लहान बाटलीत ती घट्ट करणारं औषध, ज्याला दुकानदार हार्डनर म्हणतात. राळ एकटी असली तर वर्षानुवर्षं काकवीसारखी पडून राहते. औषध एकटं असलं तर नुसता वास मारतं. दोन्ही ढवळून एक केली की अर्ध्या तासात दगड होतो. मात्र ज्या राळेचं औषध त्या राळेलाच चालतं. तर एका डब्यावर शरच्चंद्रराव होते आणि शेजारच्या बाटलीवर तू होतीस. तुझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "अर्धाच चमचा. जास्त झाल्यास शरच्चंद्ररावांना तडे जातात." (हा मजकूर त्यांना वाचून दाखवायचा की नाही हे तू ठरव.)

मी हडपसरच्या कारखान्यात भांडार विभागात एकतीस वर्षं काढली. तिथे नटबोल्टला कोणी काकू म्हणत नसे. दिवाळी आम्ही केली नाही, हातात काही काम नव्हतं, तेव्हा ही गॅलरी एकदा रीतसर लावून टाकावी असं मनात आलं. सगळे नग मी बादलीभर कोमट पाण्यात बुडवून ठेवले. दुपारी पाहिलं तर चिठ्ठ्या सुटून सगळे नातेवाईक पाण्यावर तरंगत होते आणि शाई एकमेकांत मिसळली होती. मग मी नग पुसले, उंचीप्रमाणे लावले आणि त्यांना एक ते तेवीस क्रमांक दिले. दिसायला फार छान दिसत होतं. उंचीप्रमाणे लावल्यामुळे सगळे नवरे वरच्या फळीवर गेले आणि सगळ्या बायका खालच्या, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

चौथ्याच दिवशी मथुराबाई मूठ निघालेली काठी घेऊन आल्या. श्यामला नाही हे त्यांना माहीत होतं, पण पायांना सवय, असं म्हणाल्या. मी क्रमांक तीनमध्ये क्रमांक एकोणीस मिसळला. वाटीतून धूर आला आणि चमचा उभा राहिला. तो अजून उभा आहे. वाटीसकट खिडकीत ठेवला आहे. मग तीनमध्ये सतरा मिसळून पाहिला. धूर आला नाही म्हणून मूठ लावून काठी त्यांना दिली. हे मिश्रण काठीला कधीच धरलं नाही, पण मथुराबाईंच्या तळहाताला धरलं. त्या तशाच देवळात गेल्या. तीर्थ घ्यायला उजवा हात पुढे केला तर हातात मूठ. पुजाऱ्यांनी नाइलाजाने मुठीवर तीर्थ दिलं. संध्याकाळी आबेदाभाभींनी (जब्बारभाईंच्या घरच्या, आमच्या समोरच राहतात) खोबरेल तेल चोळून हात सोडवला. मूठ आणि काठी माझ्या दारात ठेवून मथुराबाई जिन्यातून मला एवढंच म्हणाल्या, "अहो, कारखान्यातही हेच करत होतात का? मग तो बंद पडला यात नवल नाही." कारखाना बंद पडलेला नाही.

त्यानंतर मी रोज थोडं थोडं जुळवून पाहू लागलो. बशांच्या तुकड्यांवर प्रयोग केले. कोणाची राळ कोणाच्या औषधात पडली ते आता सांगता येणार नाही, पण बरीच लग्नं चुकीची लागली. काही आजतागायत ओली आहेत, काही रात्रीतून भुगा झाली. तुझी बरणी तशीच दोन तुकड्यांत, आणि वर्षश्राद्ध महिन्यावर आलेलं. श्यामलाने पुढ्यात घेतलेलं काम कोणाला मोडकं परत केलेलं मला आठवत नाही. हे एकच राहिलं होतं, आणि ते माझ्या हातून भुगा होणार अशी लक्षणं दिसत होती.

आता ते दोन नग, ज्यांच्यावर पहिल्यापासून नाव नव्हतं. एक मोठा डबा आणि त्याला टेकून एक लहान बाटली, अगदी आतल्या बाजूला. भांडाराच्या नियमाप्रमाणे ज्या मालावर नाव नाही तो जादा माल. जादा माल मी जब्बारभाईंना देऊन टाकला होता. त्यांचं मंडईमागे फर्निचर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यांच्या उपयोगी पडेल असं वाटलं. गेल्या बुधवारी ते तो डबा आणि बाटली घेऊन परत आले. बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "अनंतराव, मी तुम्हाला तीन दिवस शिव्या घातल्या. त्या परत घ्यायला आलोय."

झालं होतं असं की त्यांनी त्या डब्यातला आणि बाटलीतला माल मिसळून एका पलंगाच्या पायाला लावला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी माल फुकट गेला असं समजून ते पाय काढायला गेले, तो चिकट असूनही निघेना. चौथ्या दिवशी त्यांनी दोन माणसं लावली. "आता पलंग मोडेल," ते म्हणाले, "सांधा मोडणार नाही. हा वहिनींचा खास माल. दुसऱ्याच्या वस्तूला लावत नव्हत्या. स्वतःच्या घरातलं काही तुटलं तरच."

मी विचारलं, मग त्यावर नाव का नव्हतं. म्हणाले, त्यांनीही एकदा हेच विचारलं होतं. श्यामला हसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "यांचं नाव कसं लिहू?"

बाटलीचंही त्यांनी विचारलं होतं. त्यावर तिचं उत्तर असं की आपल्याच घरात आपलं नाव कोणी लिहितं का.

पस्तीस वर्षांत तिने माझं नाव तीनदा घेतलं, तिन्ही वेळा उखाण्यात, आणि तिसऱ्या वेळी जेवणाची पानं खोळंबली म्हणून घाईघाईने. हे मला माहीत असायला हवं होतं. मी त्या दोन नगांना क्रमांकही दिला होता, बिननावाचे म्हणून सगळ्यांत शेवटचे, बावीस आणि तेवीस.

डब्याच्या तळाशी बोटभर राळ उरली होती आणि बाटलीत चमचाभर औषध. प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. होतं तेवढं सगळं मिसळलं आणि शुक्रवारी सकाळी बरणी जोडली. तुकडे हलू नयेत म्हणून मी ती कवटाळून सहा तास बसलो. (दोरीने बांधून ठेवता येते, हे जब्बारभाईंनी संध्याकाळी सांगितलं.) बोटांचं जे लिहिलं ते यामुळे. उठताना सदऱ्याची बाही बरणीबरोबर राहिली, ती कात्रीने कापावी लागली. बरणीच्या पोटावर दोन बोटं रुंदीची पांढरी पट्टी दिसेल, ती पॉपलीनची आहे. खरवडण्याचा प्रयत्न करू नकोस, आम्ही केला आहे. मथुराबाई बघून गेल्या. म्हणाल्या, बरणीला शेवटी एक तरी सदरा शिवलात.

बाकी सगळं जागच्या जागी आहे. प्रवासात पाण्याची बाटली बरोबर ठेवा आणि शरच्चंद्ररावांना खिडकीशी बसवा.

तुझा भावोजी,
अनंत

ता. क. श्यामलाची पत्रं तू जपून ठेवली असशील. त्यांत चिकटपदार्थांविषयी काही असेल, म्हणजे कोण किती आणि कोणाबरोबर, तर उतरवून आण. निदान मथुराबाईंचं तरी. त्यांची काठी अजून माझ्याकडे आहे.

ता. क. दुसरा. मंडईत लिंबं चांगली आली आहेत. पातळ सालीची शंभर बघून ठेवतो. श्राद्धानंतर चार दिवस राहून लोणचं तू इथेच घातलंस तर बरं होईल. मिठाचा अंदाज मला नाही. अर्धी बरणी तुमची, ती दुसऱ्या भांड्यातून ने.

ता. क. तिसरा. बरणी जोडून झाल्यावर वाटीत थोडं मिश्रण उरलं होतं. ते मी बरणीच्या बुडाला लावलं आणि ती स्वयंपाकघरात, पूर्वी श्यामलाची बरणी असायची त्या फळीवर ठेवली. आज पाचवा दिवस आहे. आता फळी मोडेल. हे चुकून झालेलं नाही.