पिंपाची मान

प्रिय शिट्टी,

तुझं नवं पिंप माझ्या टेबलावर पडलंय, करवतीने उभं चिरलेलं. दचकू नकोस. तुमच्या कंपनीने चाचणीसाठी म्हणून शीतपेयांच्या चार दुकानांत पिंपं ठेवली, त्यातली दोन आमच्या साहेबांनी कुठून कोण जाणे पैदा केली आणि फाडून बघ म्हणून माझ्यापुढे आणून ठेवली. दुसऱ्याचं पिंप फाडून बघायचं ही आपल्या धंद्यातली रीतच आहे, तू इथे असताना किती फाडली आपण! पण तुझं फाडायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. त्याबद्दल मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. परवा फोनवर सांगायला गेले, तर पिंपाच्या मानेचं नाव काढल्याबरोबर तू हसत सुटलीस आणि म्हणालीस की अगं, जळतेस काय! मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा त्याचा मोठाच फायदा. आणि शेवट आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. ती आजच्या दिवस आवर.

तर आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर घे. हो, जळते. चांगली धडधडून जळते. धंद्याच्या मासिकात तो फोटो आला तेव्हापासून जळतेय. तू आणि तिकडे तुझ्याबरोबर पिंप करणारा तो, मधे पिंप. तुझा हात व्हॉल्व्हवर, त्याचा पिंपाच्या पोटावर, आणि दोघं असे हसताय की बघणाऱ्याला वाटावं, प्लॅस्टिकचं पिंप जगात पहिल्यांदा तुम्हीच केलं. खाली छापलंय, या मापाचं सगळ्यात हलकं पिंप. हलकं! तो शब्द वाचून मला ज्या मिरच्या झोंबल्या त्या विचारू नकोस. नवऱ्याने फोटो बघितला आणि म्हणाला की छान आलाय की. त्या दिवशी तो स्वतःच्या हाताने करून जेवला. इतकी वर्षं आपण समोरासमोर बसून काम केलं, एवढी पिंपं काढली, पण आपला दोघींचा असा एक फोटो कुणाला काढावासा वाटला नाही. आणि तुला तिकडे जाऊन धड वर्ष झालं नाही तर हा कोण कुठला माणूस तुझ्या शेजारी उभा, माझ्या जागेवर.

त्यात तुझी लेक. तुझ्याशी बोलायच्या आधी तिच्याशीच बोलले ना मी परवा. मावशी, मावशी करत होती, बरं वाटलं जिवाला. आणि मग म्हणते कशी, की आईच्या ऑफिसातला पिंपकाका इतका मस्त आहे, तिथे गेलं की तो तिला पिंपांमधून हिंडू देतो, आणि तीसुद्धा आता आईसारखी व्हॉल्व्हला कान लावून गॅस कुठून सुटतोय का ते ऐकते. पिंपकाका! अगं, मग साच्यातून वाकडीतिकडी निघालेली पिंपं हिला रंगवायला कोण आणून द्यायचं? चांगला आहे हो काका, म्हटलं, आणि दातओठ खाल्ले. तुझ्या खुर्चीवर इकडे नमुन्यांची खोकी ठेवलीत. साहेब म्हणतात कुणाला तरी बसवू. मी म्हटलं राहू देत, खोकी बरी आहेत, ती शाल पांघरून सगळ्यांना खिडक्या बंद करायला लावत नाहीत.

ती शाल अजून घेतेस ना? फोटोतही दिसली खांद्यावर. पिंपं तपासायला सारखी त्या थंड खोलीत जाऊन बसायचीस आणि तुझे सगळे हिशेबही तिथल्या थंडीचेच. माझं काम पिंपाचं अंग करायचं, तुझं व्हॉल्व्ह. लोकांना सांगायला गेलं तर केवढंसं असतं ते. एक जाड नळी तापवायची, साच्यात फुगवायची, तिचं पोट होतं. मान तेवढी फुगत नाही, जशी ओतली तशी राहते, आणि त्या मानेच्या आतल्या आट्यांवर फिरवून तुझा व्हॉल्व्ह बसवायचा. आतून दाब सारखा ढकलत असतो. म्हणजे तुझं आणि माझं जे काही होतं, ते सगळं त्या बोटभर मानेत होतं. तुझ्या पहिल्या व्हॉल्व्हची आठवण आहे ना? कुणी भरल्या पिंपावरून तो फिरवून काढायला गेलं, तर सुटायच्या आधी आतला गॅस कुकरसारखा ओरडून सावध करायचा, आणि अख्खा मजला माना वळवून तुझ्याकडे बघायचा. तिथून तू शिट्टी झालीस. आणि मी ही अशी काटकुळी असून जाडी, कारण काय तर मी सगळं जाड करते. नाव तूच ठेवलंस. साहेबसुद्धा अजून मला त्याच नावाने हाक मारतात.

आपण भांडायचो ते मानेवरूनच. मी म्हणायची जाड कर, तू म्हणायचीस उगीच प्लॅस्टिक कशाला, पेय थंडच असतं, थंडच प्यायचं असतं, उन्हात कोण ठेवणार आहे! आणि ठेवलं ना एकदा मी. नमुन्याचं भरलेलं पिंप गाडीच्या डिकीत राहिलं, गाडी दुपारभर उन्हात. आपण समोर चहा पीत होतो आणि गाडीतून धाडकन आवाज आला. व्हॉल्व्ह मानेतून सुटून डिकीच्या झाकणाला आतून असा आदळला की बाहेरून टेंगूळ आलं. गाडीभर सोडा. तू हसून हसून रस्त्यात बसकण मारलीस. मीही हसले. पण घरी जाताना सारखं मनात येत होतं, की मी तेव्हाच डिकी उघडायला वाकले असते तर? ते टेंगूळ अजून तसंच आहे. गॅरेजवाला दर वेळी विचारतो की ताई, हे आतून कसं काय आलं.

दुसऱ्या दिवशी तुझ्याशी पुन्हा भांडले. तू म्हणालीस की उन्हात ठेवणाऱ्याचंच डोकं जाड आहे, त्याला मान काय करणार. मग मी तोंड चालवायचं सोडून दिलं. तुझ्या ड्रॉइंगवर मानेचं जे माप असेल ते मुकाट घ्यायची आणि साच्याच्या ड्रॉइंगवर बाहेरच्या अंगाने थोडं वाढवून द्यायची. आतले तुझे आटे जसेच्या तसे. व्हॉल्व्ह झकास बसायचा, तुला काय पत्ता! पिंप जड झालं की साहेबांची बोलणी मी खायची, आणि तू वर शाल सावरत म्हणायचीस की जाडीला विचारा. यात मला काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. जाताना तू म्हणालीस की आता मला जरा हलकं काहीतरी करायचंय. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. लागलं ते मला, फार लागलं.

तेव्हा हे पिंप चिरायला घेतलं ते खोट काढायलाच, लपवत नाही. भिंग घेऊन बसले. बूड बघितलं. पाच पायांचं बूड, म्हणजे माझंच की, तूच सांगितलंस ना त्याला? पण पायांमधल्या खाचा त्याने अशा काही गोलावल्यात की कुठे ताण म्हणून नाही. मी ते करता करता टेकीला आले होते. पोट उजेडाकडे धरलं, सगळीकडे सारखं, कुठे ताणून पांढुरकं झालेलं नाही, कुठे पातळ नाही. मेल्याला काम येतं ग! इतका संताप झाला माझा. मग मानेची चकती कापली आणि मापली. तुझं माप. अगदी तुझं, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. डिकीतल्या त्या पिंपानंतर तुझ्या मापाची मान आजवर कुणी केलीच नव्हती. त्याने केली. तू म्हणालीस आणि त्याने ऐकलं. खरं सांगते, त्या वेळी मला भीती वगैरे काही वाटली नाही, त्याचा हेवाच वाटला. इतकी वर्षं मी तुझ्यासमोर बसले, पण असा डोळे झाकून विश्वास मला तुझ्यावर कधी टाकता आला नाही, आणि कुणी टाकला की तुझा चेहरा कसा खुलतो ते मला त्या फोटोत बघायला मिळालं.

दुसरं पिंप शाबूत होतं. ते भरलं आणि गरम पेटीत ठेवलं, बंद टेम्पो भर दुपारी आतून तापतो तितक्यावर. तीच आपली पेटी, दाराला जाड काच असलेली. पहिल्या दिवशी काही नाही. मग व्हॉल्व्हच्या कडेखाली नखाएवढी फट दिसली. ती वाढत गेली. मान हळूहळू पसरत होती आणि आटे एकमेकांना सोडत होते. मी तुझ्या शिट्टीची वाट बघत होते. पण शिट्टी कुणी व्हॉल्व्ह फिरवला तर वाजते ना, मान पसरली तर तिला कळणार कसं? उडाला तो न वाजताच उडाला. काचेला तडा गेला. आणि मला आनंद झाला, शिट्टी. त्या खोलीत एकटी उभी राहून मी मोठ्याने हसले. बघ म्हटलं तुझं हलकं पिंप, बघ तुझा तो गुणाचा पुतळा! मग काचेजवळ गेले, तर तडा बरोबर माझ्या तोंडासमोर होता.

साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांच्या मनात काय येईल ते मला कळतं. तुमची पिंपं बाजारात जाऊन आपटली की आमचं जड पिंप पुन्हा चालायला लागेल. त्यांना कशाला नावं ठेवू, माझ्याही मनात तेच आलं होतं. गप्प बसावं. होऊ दे काय व्हायचं ते. मग तू येशील इथे, नाक पुसत, खोकी उचलून खुर्चीवर बसशील आणि म्हणशील की जाडे, तुझंच खरं होतं. हे चित्र रंगवत मी दोन दिवस मजेत काढले. आणि मग परवाचा तो तुझ्या लेकीचा फोन आला आणि ती म्हणाली की मीपण आईसारखा कान लावून ऐकते.

एवढं चऱ्हाट का लावलं ते आता कळलं असेल. नुसतं मानेबद्दल लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस की जळते, म्हणून बोलते. म्हणून जळणं होतं नव्हतं तेवढं आधी सगळं काढून तुझ्यापुढे ठेवलं, मागे काही शिल्लक ठेवलं नाही. ते बाजूला सार. मग जे उरतं ते या खोक्यात आहे, मानेची चकती आणि उडालेला तुझा व्हॉल्व्ह. कुरियरवाल्याला उद्याच्या उद्या पोचव म्हणून बजावलंय. दुकानांतली पिंपं लगेच परत मागव, उन्हाळ्यासाठी भरायला काढलेली थांबव, आणि लेकीला तिथे फिरकू देऊ नकोस. तुझा तो कानही लांब ठेव, व्हॉल्व्हला लावायचा नेहमीचा लाडका कान. विश्वास बसत नसेल तर एक पिंप गाडीत घालून उन्हात लाव आणि दुरून बघ. बाहेरून किती वाढवायचं ते चकतीवर शाईने लिहिलंय, तुझ्या आट्यांना हात लावावा लागणार नाही. पिंप मग हलकं राहणार नाही, मासिकवाले फोटो काढायला येणार नाहीत, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. पण त्याला बोलू नकोस. त्याचं काम चोख आहे, त्याने फक्त तुझं ऐकलं. शिट्टीची काळजी असलेल्या माणसाने तिचं सगळंच ऐकायचं नसतं, एवढं त्याला माझ्याकडून सांग. ते मात्र अजून मलाच जास्त चांगलं येतं.

तुझीच, आणि अजून जळणारी,
जाडी