खर्रा सुटला, पण हात थांबेनात

१० नोव्हेंबर, सोमवार
डेपोत ड्रायव्हरांची तपासणी झाली. बी.पी. वर. डॉक्टर म्हणाले, महिन्याने परत बघू. तेव्हाही असंच निघालं तर स्टेअरिंग बंद, वर्कशॉपात काम. म्हणजे मी, वर्धा-गिरड एस.टी.चा ड्रायव्हर, गाड्यांना पाणी मारत बसणार. रोज सकाळी गोळी, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, टेन्शन कमी करा म्हणे. टेन्शन घेणारे वेगळे असतात. महिना खूप झाला.
खर्रा आजच सोडला. शेवटचा खाऊन.

११ नोव्हें.
तोंडाचं काही नाही, हातांचं अवघड आहे. इतकी वर्षं खर्र्याची प्लास्टिकची पन्नी तळहातावर घोटायची सवय. संध्याकाळी घरी पेपर वाचता वाचता त्याचा कोपरा घोटून भुगा केला. सौ. देवाच्या वाती वळत बसली होती.
"काऊन जी, पन्नी गेली तरी हात चालूनच राह्यले?"
मग कापसाचा पुंजका हातात दिला. "हे घोटा."
पहिली वात दोरखंडासारखी झाली. सौ. हसली नाही, हे विशेष.

१४ नोव्हें.
जमलं! बोटं तेच करतात, फक्त तंबाखूच्या जागी कापूस. गिरडच्या हॉल्टला टेकडीकडे तोंड करून वाती वळत बसलो. प्रकाश, आमचा कंडक्टर, म्हणतो, "भाऊ, पुजारी झाले का जी?" तो स्वतः डोळे मिटून बसतो. विहारात शिकला आहे, श्वास आत गेला, बाहेर आला, एवढंच पाहायचं.
"तुमी वात पाहा, मी श्वास पाहतो. गाडी कोण पाह्यते?"
येताना एक मोटरसायकलवाला आडवा घुसला. मी शिवी दिली नाही. प्रकाशने दोनदा वळून माझ्याकडे पाहिलं.

१९ नोव्हें.
शेजारच्या मालतीकाकू आल्या होत्या. दत्तजयंतीला त्यांच्याकडे लक्षवाती आहेत, एक लाख वाती वळून जाळायच्या. माझ्या वाती पाहून म्हणाल्या, "हात मोठा साफ आहे तुया. आमाले थोड्या देजो वळून."
मी म्हटलं, थोड्या कशाला, सगळ्याच देतो. आमच्या सिंदी मेघे गावात असा ड्रायव्हर दुसरा दाखवा म्हणावं.
सौ.ने कपाळाला हात लावला. बायकांना हिशोब लवकर कळतो.

२४ नोव्हें.
पहाटे उठून वाती. जेवताना वाती. सौ.ने पंखा लावला, कापूस घरभर उडाला. ओरडलो तिच्यावर.
गिरडला वातींची जुडी पुरी करायची म्हणून गाडी उशिरा काढली. प्रवासी बोलले, मीही बोललो, नको ते बोललो. प्रकाश घंटी वाजवत राहिला. परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर जाऊन बसला.

२७ नोव्हें.
सौ.ने धरून चौकातल्या मेडिकलवाल्याकडे नेलं. बी.पी. डेपोत निघालं होतं त्याहून वर.
घराच्या फाटकाशी आल्यावर ती म्हणाली, "खर्रा सोडला अन् कंत्राट घेतलं तुमी." आणि हसायला लागली. हसता हसताच डोळे पुसले तिने.
आज घाबरलो. लिहून टाकतो, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही. गाडी हातातून गेली तर सकाळी उठून जायचं कुठे?

२८ नोव्हें.
उरलेला कापूस काकूंना नेऊन दिला. मान खाली घालूनच गेलो. काकू म्हणतात, "अरे बाबा, तुले एकट्याले कोणं सांगतलं होतं? आमचं अख्खं भजनी मंडळ वळून राह्यलं." चहा पाजला वर.
म्हणजे लाखाचं ओझं माझं मीच डोक्यावर घेतलं होतं. टेन्शन घालवायच्या कामाचंच टेन्शन. माझ्यासारखा हुशार मीच!
प्रकाशला सॉरी म्हटलं. तो म्हणे, "उद्यापासून दोघं मिळून श्वास पाहू, त्याची जुडी बांधता येत नाई."

४ डिसेंबर, दत्तजयंती
काकूंच्या अंगणात वाती पेटल्या. माझ्या कोणत्या ते ओळखू आलं नाही. मला वाटलं होतं वाईट वाटेल. नाही वाटलं. झोप छान लागणार आज.
आता रोज हॉल्टला थोडा वेळ श्वास, मग हाताला येईल तेवढी वात. मोजत नाही. सौ.लाही मोजू देत नाही.

८ डिसें., सोमवार
डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसून लिहितो आहे. शेजारी हिंगणघाट गाडीचा ड्रायव्हर, त्याचीही आज तपासणी. त्याने पन्नी पुढे केली, "घे ना चिमूटभर. अंदर जायचं टेन्शन येते."
मी खिशातला कापूस दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं, आणि वळायला लागला. दोरखंडच वळला.
भीती आहे. पण हात निवांत आहेत, श्वास जागेवर आहे. मशीनमध्ये काय निघायचं ते निघो.
प्रकाशचा फोन आला. "भाऊ, गिरडची गाडी फलाटाले लागली. बदली ड्रायव्हर विचारून राह्यला, मी बसू का म्हणून. काय सांगू?"
म्हटलं, "माह्या सीटवर रुमाल टाकून ठेवजो."
नाव पुकारलं. जातो.