हत्यारांच्या पेटीतलं पाकीट

९ जानेवारी
दुकानापासून बसस्टॉपपर्यंत तीनदा थांबले! डाव्या पोटरीत असा गोळा येतो की जीव नकोसा होतो. थांबलं की जातो, चालायला लागलं की हजर. मी आपली एखाद्या काचेसमोर उभी राहते, म्हणजे लोकांना वाटावं बाई खरेदीला निघाली. आज कुलपांच्या दुकानासमोर होते. कुलपं काय इतकी निरखायची असतात!

१८ जानेवारी
अंगठ्याला बूट चावला, ती जखम पंधरा दिवस भरत नाही. दिवसभर गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकांना बूट घालते, सांगते, "पुढे बोटभर जागा ठेवा हं" — आणि स्वतः!

२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी दंडाचं ब्लडप्रेशर घेतलं, मग घोट्याचं. घोट्याचं निम्मंही नाही. पायाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत चालल्यात म्हणे. ह्यांना विचारलं, "सिगारेट?" ह्यांनी मान खाली घातली. "दिवसाला पाकीट." मग माझ्याकडे वळून डॉक्टर हसले. "तुम्ही नसालच ओढत."

मीही हसले. कागदावर लिहिलं गेलं — व्यसन नाही.

बावीस वर्षं! हे कामावर गेले की मी न्हाणीघराच्या खिडकीशी. वास ह्यांचा, राख ह्यांची, पाकिटातून गेलेल्याही ह्यांच्याच नावावर.

३ फेब्रुवारी
लेक ह्यांच्यावर तुटून पडली. "बाबा, तुमच्या धुरानं आईचा पाय जाईल!" ह्यांनी तिच्यासमोर पाकीट कचऱ्यात टाकलं. मी शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

२७ फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. मांडीतली शीर काढून खाली जोडली, बुजलेल्या जागेला वळसा. बोटं गुलाबी झाली! डॉक्टरांनी ह्यांना बजावलं, "घरात एकही सिगारेट नको. ही शीर बुजली तर माझ्या हातात काही नाही."

१० मार्च
घरी. जिना उतरायचा नाही, दुकानात जाणं बंद. कप फोडला. लेकीवर खेकसले. औषधांमुळे होतं असं, म्हणून सांगितलं.

१५ मार्च
खिडकीची कडी निघाली. स्क्रू-ड्रायव्हरसाठी ह्यांची हत्यारांची पेटी उघडली, तर पक्कडीखाली पाकीट! लबाड! लेकीपुढे केवढं नाटक!

एकच ओढली. इतकं बरं वाटलं की रडू आलं.

४ एप्रिल
रोज दोन. कधी तीन. पाकीट संपत आलं की दुसरं हजर. म्हणजे हेही ओढतातच. मग मी एकटीच वाईट का?

२१ एप्रिल
बोटं पुन्हा गार. करंगळी निळी. उद्यापासून बंद. शपथ.

२२ एप्रिल
तीन.

६ मे
शीर बुजली. परवा पाय काढणार, गुडघ्याखाली.

दाराबाहेर लेक ह्यांना वाट्टेल ते बोलली. शेवटी म्हणाली, "खरं सांगा बाबा, ओढत होतात ना?" हे म्हणाले, "हो." खाटेवरून सगळं ऐकू येत होतं. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं! नाही उघडलं. भित्री आहे मी. दुसरं काही नाही.

१२ मे
दुकानाच्या मालकीणबाई येऊन गेल्या. "गल्ल्यावर बसा, बसून काम आहे." चांगली बाई. पण नजर सारखी पांघरुणावर, जिथं उंचवटा नाही तिथं. काचेत आम्ही जोडातला एकच बूट मांडतो, उजवा. म्हटलं, "आता मला तेवढाच पुरे." त्यांना हसावं की नाही कळेना.

डॉक्टर म्हणतात, आता उजवा सांभाळा. तोही गार असतो हल्ली.

१६ मे
आज ह्यांना सांगून टाकलं. न्हाणीघर, बावीस वर्षं, पेटी — सगळं.

हे माझ्या उशीचं टोक नीट करत राहिले. म्हणाले, "माहीत होतं गं. लेकीसमोर पाकीट टाकलं, त्या दिवसापासून मी एकही ओढलेली नाही. पेटीतली तुझ्यासाठीच आणत होतो. तुझी तगमग बघवत नव्हती."

मग विचारलं, "पेटीत आहे ते टाकून देऊ ना आता?"

आणि मला 'हो' म्हणवेना.