अव्वाचा अकरा वर्षांचा चाकू

प्रिय अव्वा,

चाकू साडेतीनशेचा होता. आपल्या गावापर्यंतचं, मैंदर्गीपर्यंतचं पेट्रोल धरून मी त्याची किंमत चारशे समजून चाललो होतो. परवा अक्कानं खरी किंमत सांगितली: चार टाके, आणि तुझ्या डाव्या हाताचं एक बोट, जे पुढं कधी पुरतं मिटलं नाही.

मला तू विळा लागला म्हणून सांगितलं होतंस! तू जाऊन दोन वर्षं झाली. आता भांडायचं तर कुठं? म्हणून हे पत्र.

माझं दुकान तू पाहिलंस. मार्केट यार्डाबाहेर, दोर, विळे, पाइप, चाकू. बाजारात पोत्यावर दोर विकणाऱ्या तुझ्या पोराचं पक्कं दुकान. तिथं कुणी घडीचा चाकू मागितला की मी एकेक उघडून कानाशी धरतो. पातं बसताना खणखणीत ‘टक्’ झालं की तोच पुढं सरकवतो आणि सांगतो, “असलाच माझ्या आईला दिला होता. शेळ्यांमागं अकरा वर्षं वापरला तिनं.” पुढं बोलावंच लागत नाही. हमाल मला ‘कानवाले शेठ’ म्हणतात. आवाजावरनं मोटारीचं बेअरिंग गेलंय हे सांगणारा माणूस मी, चाकूचं काय घेऊन बसलीस!

हे कान तुझेच ना? आठवडी बाजारात चाकूवाल्यापुढं तू उकिडवी बसायचीस, शेजारी मी. प्रत्येक चाकू कानाशी नेऊन हळू उघडायचीस, मिटायचीस. पातं खिळ्यापाशी डुगडुगतंय का बघायचीस. ओल्या हातानं मूठ धरून बघायचीस. चाकूवाला वैतागून विचारायचा, चाकू घ्यायचाय का रेडिओ? तू माझ्याकडं बोट करायचीस. म्हणायचीस, रेडिओ हाय की घरात, ह्यो काय बसलाय.

दुकान टाकलं त्या वर्षी सगळ्यात मोठ्या आवाजाचा चाकू तुझ्यासाठी निवडला. चकचकीत पातं, वर ते उघडं धरून ठेवणारं लॉक. हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं, ही तुझीच शिकवण, म्हणून अंगणात जमिनीवर ठेवला. तू उचललास. कानाशी नेऊन दोनदा उघडलास.

“लई आवाज करतोय की रं,” म्हणालीस.

मला वाटलं, पसंत पडला!

परवा अक्का आणि तिची रेणू दुकानात आल्या. तुझ्या शेळ्या आता रेणू बघते, अठरा झाल्यात. खुरं छाटायला, टहाळ तोडायला, दोर कापायला तिला दणकट चाकू हवा होता. मी माझा खेळ सुरू केला. उघडला, कानाशी नेला, टक्. स्टुलावर बसलेली अक्का ताडकन उठली.

“त्यो नगं. तसल्यानंच अव्वाचं बोट कामातनं गेलं.”

मग सगळं निघालं. मी चाकू देऊन गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू एक शेळी गुडघ्यात धरून तिचा खूर छाटायला बसलीस. चाकू उघडलास. तो टक् ऐकून शेळी बुजली, पाय झाडला, पात्याच्या पाठीवर दणका बसला आणि लॉक सुटलं. पातं मिटलं ते तुझ्या बोटावर. अक्कानं फडकं बांधून तुला दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या बाकावर बसून तू तिला बजावलंस, “मल्लूला सांगू नगं. लांबनं आनलाय त्यानं.”

म्हणजे बाजारात तू आवाज शोधत नव्हतीस, अव्वा. तू गप उघडणारा चाकू शोधत होतीस. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून मी नेमकं उलटं शिकलो, आणि त्याच्यावर दुकान चालवलं!

पण तू सांगितलं का नाहीस? शिव्या द्यायच्या, चाकू अंगावर फेकायचा. मी रुसलो असतो चार दिवस, मग आलोच असतो की. जमिनीवर ठेवून दिला, म्हणून आपलं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात तरी तू खरं बोलली असतीस.

रेणूनं चाकू स्वतःच निवडला. पाण्यात हात बुडवून मूठ धरली. बोटं बाजूला ठेवून पात्याची पाठ फळीवर आपटली, एकदा नाही, सात-आठदा. माझे दोन लाडके चाकू तिथंच मिटले! शेवटी खोक्याच्या तळातला एक काढला. जाड, काळपट पातं, रुंद लाकडी मूठ, आवाज जवळजवळ नाहीच. तीन वर्षं मी तो कुणाला दाखवलाही नव्हता.

“ह्यो गप हाय, मामा.”

मी तो उचलून तिच्या हातात दिला. हातातून हातात. अक्का ओरडली, खाली ठेव की. मी म्हटलं, असू दे, भांडू दे तिला माझ्याशी. रेणूनं चाकू कमरेला लावला आणि लगेच सुरू केलं, “मग सांगते. गेल्या खेपंला तुमी दिल्याला दोर कच्चा निघाला.”

दोर बदलून दिला, अव्वा.

आता तुला शब्द देतो. यापुढं फळीवर आपटल्याशिवाय एकही चाकू या दुकानातून जाणार नाही, आणि शेळ्यामेंढ्यांवाल्याला आवाजाचा चाकू मी देणार नाही. अकरा वर्षांची ती गोष्टही गिऱ्हाइकाला पुन्हा सांगणार नाही.

कारण जाताना अक्का तुझा तो चाकू माझ्याकडं ठेवून गेली. हुलग्याच्या डब्यात असायचा म्हणे. माझ्या मोटारसायकलचा आवाज वेशीपाशी आला की काढून कमरेला बांधायचीस, आणि मी गेलो की परत डब्यात. पात्यावर कंपनीची धार तशीच आहे.

तू तो एक सकाळ वापरलास.

तुझा,
मल्लू