शंभरातली चौदा झाडं

गौलीगुडा, हैदराबाद
१० ऑक्टोबर २०२४

ती. बाबांना,
स. न. जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. आईने वर्षानुवर्षं निवडत आणलेल्या ज्वारीचं बी तपासणी केंद्राने इथे पेरलं. शंभर झाडांत सहापर्यंत वेगळी चालतात. सातवं निघालं की वाण एकसारखा नाही असं ठरतं, आणि वाणाला दिलेलं आईचं 'पंचफुला' हे नाव नोंदलं जात नाही. आपल्या रानात मी मोजलं तेव्हा शंभरात दोनच वेगळी होती. त्या हिशेबाने पास होण्याची शक्यता नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर आहे. कानाचं यंत्र लावत जा.

तुमची,
निशिगंधा

देगलूर
२१ ऑक्टोबर

चि. निशिगंधास अनेक आशीर्वाद, जय भीम.

टक्के मला कळले नाहीत. तुझी आई म्हणायची, पोरगी मीठसुद्धा मोजून टाकते आणि वरण तरी अळणीच. यंत्र लावलं की नुसता पंखा ऐकू येतो. तिला जाऊन वर्ष होत आलं. तिचं नाव छापलेलं एकदा बघेन म्हणतो. वेळेवर जेव.

तुझा,
बाबा

हैदराबाद
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना जय भीम.

वाण नापास झाला. चौदा झाडं वेगळी निघाली, सगळी तांबड्या कणसांची. आपल्या बियात चौदा निघणं लाखात एकदाही घडायचं नाही. म्हणजे बीच वेगळं होतं. तुम्ही पाठवलेल्या बियाच्या पिशवीत काही मिसळलं होतं का? रागावलेली नाही. कारण हवं आहे.

निशिगंधा

देगलूर
२४ फेब्रुवारी

चि. निशिगंधास आशीर्वाद.

मिसळलं. पिशवीतलं बी ती गेल्यावर पिकलेलं; नाव तिचं आणि तिच्या हातचं काहीच नाही, हे मनाला पटेना. तिने राखेत घालून ठेवलेलं शेवटचं गाडगं होतं, ते पिशवीत ओतलं. तू तांबडी लिहिलंस तेव्हा उमगलं, ते हुरड्याचं बी होतं. आपल्या ज्वारीचा हुरडा तुला गोड लागायचा नाही, म्हणून बांधाकडेला चार ओळी ती तुझ्यासाठी वेगळ्या पेरायची. गाडगं आता रिकामं आहे. माझ्या हाताने तिचं नाव गेलं बघ.

बाबा

हैदराबाद
४ मार्च

ती. बाबांना जय भीम.

निवडलेलं बी घरात आहे, पुन्हा अर्ज करता येईल. तांबडं मात्र मिळणार नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी केंद्रात गेले; तिथून कणीस बाहेर नेता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी कापणी होती. एकच कणीस तिथे उभ्याने हातावर चोळलं. हुरड्याचे दिवस सरले होते, दाणे कडक झाले होते. तरी खाल्ले.

मला आधी विचारलं असतंत तर मी नको म्हणाले असते. बरं झालं, विचारलं नाहीत.

माया असू द्या.
तुमची लेक