पप्पा कुणाकडे असतात

प्रिय ड्वेन,

हेरॉन बेंडच्या काउंटी पार्कात, नदीकाठच्या लाकडी टेबलाशी बसून लिहिते आहे. शनिवारी बसलेला धक्का अजून अंगातून गेलेला नाही, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतंय. माझा फोन तू उचलत नाहीस, तुझा मीही उचलला नसता, म्हणून पत्र. आईच्या दफनाच्या दिवशी तुझं-माझं बोलणं तुटलं, ते इथे उकरत नाही. एकच विचारते, आणि उत्तर ठाऊक असूनही विचारते: पप्पा माझ्याकडे डब्यूकला राहतात असंच तू धरून चालला होतास ना? कारण मी धरून चालले होते की ते वॉटर्लूला तुझ्याकडे आहेत.

माझ्या दवाखान्यात नदीन म्हणून एक आहे, नवीन लागलेली, फार बडबडी. तिने हट्ट धरला की थंडी पडायच्या आत एकदा तंबू ठोकून राहायचं. आपल्या घरातल्या कुणालाही ती ओळखत नाही, हे लक्षात ठेव. शनिवारी सकाळी आम्ही इथे पोचलो, तंबू उभा केला आणि पाणी कुठे मिळतं ते बघायला निघालो. नळाच्या अलीकडे गाडीमागे ओढायच्या घरासारखा एक जुना पांढरा ट्रेलर उभा होता. त्याच्या दारापासून नळापर्यंत आणि नळापासून पुढे संडासापर्यंत कमरेच्या उंचीवर एक जाड दोरी ताणलेली. नदीन म्हणाली, "अगं बाई, कपडे वाळत घालायला केवढी ही दोरी!" ट्रेलरसमोर एक म्हातारे गृहस्थ कॉफी ओतत बसले होते. कपात बोट बुडवलेलं, आणि कॉफी बोटाला लागेपर्यंत ओतत होते. मी चेहरा पाहिला, ड्वेन. ते पप्पा होते.

त्यांनी वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. आणि म्हणाले, "या या, मुलींनो. नळ जोरात दाबा, पहिल्यांदा गंजाचंच पाणी येतं." मला वाटलं, चेष्टा करताहेत. मग वाटलं, रागावलेत आणि मुद्दाम ओळख दाखवत नाहीत. नदीनला काय, गप्पांना माणूस हवंच होतं. तिने विचारलं, "एकटेच आलात का काका?" पप्पा हसले. "छे, एकटा कुठला! दोन मुलं आहेत मला. हवा चांगली असली की इथे येतो इतकंच. एरवी मुलीकडे असतो, डब्यूकला. फार काळजी करते, कॉलर नीट केल्याशिवाय घराबाहेर सोडत नाही. मुलाकडेही असतो. तो बोलत नाही फारसं, पण माझ्या ताटात मांसाचा मोठा तुकडा गुपचूप सरकवतो." मग मान जराशी वळवून, कोंबडा बघतो तशी तिरकी करून, त्यांनी माझ्या दिशेला पाहिलं आणि म्हणाले, "तुझी मैत्रीण फारच लाजाळू दिसते गं."

माझ्याच बापाने, माझ्याच तोंडावर, माझ्याबद्दल एका परक्या बाईला सांगितलं, आणि त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. मी कधी त्यांची कॉलर नीट केली? तू त्यांच्या ताटात काय सरकवतोस? मी कसंबसं म्हटलं, "पप्पा." त्यांच्या हातातला कप कलंडला, कॉफी गुडघ्यावर सांडली, पण त्यांना भाजल्याचंही कळलं नसावं. ते उठून उभे राहिले आणि पहिलं काय विचारलं, सांगू? "मार्लिस? ड्वेनला काही झालं का?"

डोळे गेलेत त्यांचे. अगदी गेले नाहीत, मधलं गेलंय. समोर बघितलं की मध्ये राखाडी डाग, कडेचं तेवढं दिसतं. झाडं दिसतात, रस्त्याची कड दिसते, माणसाचा चेहरा दिसत नाही. ती दोरी कपड्यांची नाही. तिला धरून ते पाण्याला जातात.

आई गेल्यावर घर विकलं, तेव्हापासून ते असेच राहताहेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त एका जागी राहू देत नाहीत म्हणून या पार्कातून त्या पार्कात, तिथून परत इथे. दर रविवारी मला फोन करायचे, "ड्वेनकडे मजेत आहे" म्हणायचे, आणि मी मनातल्या मनात जळायचे, की शेवटी मुलाचंच घर गोड लागलं. तुलाही नक्की तेच सांगत असणार. मी कधी म्हटलं नाही, की ड्वेनला फोन द्या. तूही म्हटलं नसणार, मार्लिसला द्या. एवढ्याच भरवशावर त्यांचं खोटं दोन वर्षं टिकलं.

मी विचारलं, ट्रेलर हलवतं कोण? तर म्हणाले, "मीच, माझ्या गाडीला जोडून. आयुष्यभर या रस्त्यांवरून दुधाचा टँकर नेलाय, मला काय डोळे लागतात!" शेजारच्या गाडीत कोरा नावाची एक जाडजूड बाई हिवाळा सोडून राहते, तिने बाकीचं सांगितलं. सांगितलं कसलं, झाडलंच मला. "तुम्हीच का ती लेक? दोरी आम्ही बांधली. पहाटे रस्ता मोकळा असताना मी पुढे दिवे लुकलुकत गाडी चालवते आणि हे मागनं येतात. चालवू नका म्हणून जीव तोडून सांगितलं, ऐकतील तर शपथ! मागच्या हिवाळ्यात गावाकडच्या माझ्या रिकाम्या गोठ्यात ट्रेलर लावला होता. एका सकाळी दार ठोठावलं तर ओ नाही. शेगडीच्या धुराने बेशुद्ध पडले होते. मी म्हटलं, मुलांना कळवते, तर माझ्यापुढे हात जोडले यांनी. आता बोला!" साऱ्या पार्काला ठाऊक होतं, कोण कुठली कोरा तिला ठाऊक होतं, आणि आपण दोघं मात्र एकमेकांवर रुसून बसलो होतो.

पप्पांवर मी ओरडले, खोटं कशाला सांगू? सगळ्यांदेखत ओरडले, की का केलंत असं, मेला असतात तर! ते पायात मोजा चढवत बसले होते. म्हणाले, "तुझ्या आईला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी तुम्ही दोघं स्वयंपाकघरात मला वाटून घ्यायला बसला होतात. इतके महिने तुझ्याकडे, इतके त्याच्याकडे. आवाज चढले. कुणाकडे गेलो असतो तरी दुसऱ्याने पहिल्याचं जन्मभर तोंड पाहिलं नसतं. मी म्हटलं, जाऊ दे, आपण अख्खेच राहू." आणि मग हसून म्हणाले, "इथे लोक चांगले आहेत गं. कुणी उरलेला केक आणून देतं, कुणी मासा. फक्त पोरांची नावं काढली की मला जरा रंगवून सांगायची सवय लागली."

नदीन रविवारी परत गेली. मी रजा वाढवून घेतली आणि तंबू त्यांच्या शेजारी आणला. काल त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळू, डॉक्टर म्हणाले. गाडी चालवणं तर बंदच. येताना मी त्यांची कॉलर नीट केली, ड्वेन. त्यांनी हात धरून ठेवला आणि सोडलाच नाही.

आता पत्राचं कारण. ऑक्टोबरच्या मध्याला इथले नळ बंद करतात, फाटकाला कुलूप लागतं. ट्रेलर त्याआधी हलवायला हवा, आणि माझी टीचभर गाडी तो ओढू शकत नाही. तुझा ट्रक ओढेल. पण तेवढ्यासाठी मी तुला लिहिलं नसतं, कोराचा भाऊही ओढून देईल. गोष्ट अशी आहे, की पप्पा किल्ल्या देत नाहीत, त्यांच्या गाडीच्याही नाहीत आणि ट्रेलर जोडायच्या कुलपाच्याही नाहीत. उशीखाली घेऊन झोपतात. मी हट्टाने मागितल्या, तर म्हणाले, "एकाच्या हातात देणार नाही. दोघं एकत्र या, मग पुढे बोलू. नाहीतर मला इथेच राहू दे." याआधी त्यांनी आपल्याकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. तेव्हा ये. पुढे कुणाकडे, किती महिने, यातलं एक अक्षर आपण फाटकाच्या आत बोलायचं नाही. ट्रेलर जोडायला तू गाडी मागे घे, मी मागे उभी राहून हाताने खुणा करते. आणि मी म्हटलं थांब, की थांब, वाद घालू नकोस.

वाट बघतेय, पप्पाही बघताहेत.

तुझीच,
मार्लिस